सोनूबाईची गाडी

उचगावात कुणी नव्या माणसानं "शिंग्यांचं घर कुठं?" असं विचारलं, तर लोक त्यालाच उलट विचारतात, "कुठले शिंगे?" त्यांचंही बरोबरच आहे, त्या एका गल्लीत आठ घरं शिंग्यांचीच. मग कुणीतरी सांगतं, "सोनूबाईची गाडी लावलेली असती बघा दारात, ते घर." गाडी म्हणजे चारचाकी नव्हे हं. शंभर सीसीची काळी मोटरसायकल, नऊ वर्षं वापरलेली, सीटला दोनदा नवं कव्हर चढवलेली. हेडलाइटच्या वर पिवळ्या रेडियमची ठळक अक्षरं: सोनूबाई. आणि गंमत अशी की सोनूबाईनं ती गाडी आयुष्यात एकदाही चालवलेली नव्हती.

सोनूबाई ही भाऊसो शिंग्याची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परतली ती कायमची. का परतली ते गल्लीला ठाऊक आहे, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात तिनं सव्वीस वर्षं भाकऱ्या थापल्या. भाऊसो शिरोलीच्या फाउंड्रीत सायकलनं जायचा. सायकल मारून मारून त्याच्या गुडघ्यांची वाट लागली, तेव्हा सोनूबाईनं भिशी उचलली आणि भावाला घेऊन तडक शोरूम गाठलं. "गाडी कुणाच्या नावावर करायची?" कारकुनानं विचारलं. भाऊसोनं तोंड उघडायच्या आत सोनूबाई म्हणाली, "माझ्या." आणि नाव सांगितलं, सोनूबाई रामा शिंगे. नवऱ्याचं नाही, बापाचं. कारकुनानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. तिनंही त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं गुमान लिहून घेतलं.

तेव्हापासून भाऊसोनं गाडी चालवायची आणि सोनूबाईनं सांभाळायची. चौदा एप्रिलला पहाटे ती स्वतःच्या हातानं गाडी धुवायची, निळा झेंडा बांधायची. इन्शुरन्स दरवर्षी स्वतःच्या पैशानं आणि तोही फुल. गल्लीतले लोक हसायचे, जुन्या गाडीला कशाला फुल? सोनूबाई म्हणायची, "माझी गाडी हाय, मी बघतो." संध्याकाळी भाऊसो परतायच्या वेळेला ती दारात येऊन उभी राहायची. भावासाठी की गाडीसाठी, हे भाऊसोलाही कधी कळलं नाही. दोन्ही धड घरी आले की ती भाकरीला लागायची.

याच घरात भाऊसोची एकुलती एक लेक क्रांती वाढली, आई लहानपणीच गेलेली म्हणून आत्तीच्याच हाताखाली. वीस वर्षांची, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा नुकताच हातात पडलेला. पोरीचा हात एवढा हलका की कॉलेजात कुणाला शीर सापडेना झाली की मुली म्हणायच्या, "क्रांतीला बोलवा." गाडी ती बापाकडून शिकली आणि बापापेक्षा बरी चालवायला लागली. अठरा पूर्ण झाल्यावर आठ दिवसांत लायसन काढलं. बोलायची कोल्हापूरच्या पोरींसारखीच, मी जातो आणि मी येतो. पुण्याची मावशी त्याला हसायची, तर हसू दे बापडी.

तिला राजारामपुरीतल्या एका लॅबनं घेतलं. काम असं, की सकाळी सहापासून घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि अकराच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. वर्षभर हे नीट केलं की आत मशीनवर. मशीनवर बसायचं म्हणून तर तिनं सगळा अभ्यास केला होता. पण लॅबच्या मॅडमनी एक अट घातली. गाडी, लायसन आणि इन्शुरन्स तिन्ही एकाच नावावर पाहिजे, आणि इन्शुरन्समध्ये चालवणाऱ्या मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा पाहिजे. मागं त्यांच्याकडच्या एका पोराचा पाय मोडला होता. गाडी चुलत्याच्या नावावर, त्यामुळं पोराला एक रुपया मिळाला नाही. तेव्हापासून मॅडम या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. नियम क्रांतीच्याच भल्याचा होता, त्यात वाद नाही. पण भल्याचे नियमसुद्धा नेमके अडलेल्याच्याच आडवे का येतात, कुणास ठाऊक.

पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. हातात अकरा दिवस होते, आणि गाडीचा इन्शुरन्सही त्याच महिन्यात संपत होता. क्रांतीला वाटलं, स्वस्तातला इन्शुरन्स शोधला की झालं काम. तिची मैत्रीण शिवानी म्हणाली होती, वय कमी असलं की कंपन्या जादा पैसे लावतात, म्हणून आधी दहा ठिकाणी बघ. क्रांतीनं दहा नाही, चौदा ठिकाणी बघितलं. एका ठिकाणी गाडीचा आणि फोनचा नंबर टाकायचा अवकाश, लगेच तीन ठिकाणांहून फोन. एक जण तर तिला "सोनूबाईजी" म्हणून इतक्या अदबीनं बोलत होता की ठेवून द्यायचंही जिवावर आलं. शेवटी एका ॲपवर परवडेलसा आकडा मिळाला. तिनं सगळं भरलं, शेवटच्या पानावर अपघात विम्यापुढं स्वतःचं नाव घातलं, आणि पान काही केल्या पुढं सरकेना. गाडीच्या मालकाचं नाव जुळत नाही, असं लाल अक्षरांत येत राहिलं.

म्हणून चौथ्या दिवशी ती ताराबाई पार्कात आरटीओसमोरच्या टपऱ्यांपैकी एका टपरीत गेली. तिथं धैर्यशील नावाचे एजंट बसत. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, समोर खोकल्यासारखा आवाज करणारा प्रिंटर.

"हे बघा ताई," ते म्हणाले, "वयाचं काय मनात आणू नगा. थर्ड पार्टीचा दर सरकारनं ठरवलेला. इशीतल्या पोरीला तेवढाच आन् साठीतल्या आजोबालाबी तेवढाच. गाडी नऊ वर्षांची झाल्या, फुल इन्शुरन्स सोडून द्या. थर्ड पार्टी आन् पंधरा लाखाचा अपघात विमा, बाराशेच्या आसपास काम हुतंय. फकस्त अपघात विमा मालकाचा असतो. मालक, आन् मालकाकडंच लायसन. हितं तर मालकीणबाई येगळ्या दिसत्यात."

"आत्ती हाय माझी. लायसन न्हाय तिला."

"मग नाव बदला की. हे दोन फॉर्म. आत्तींच्या सह्या घ्या, आधार आणा. अर्जाची पावती मी दोन दिवसांत काढून देतो, लॅबवाले पावतीवर धरून घेतील. घरातल्या घरात हाय, काय अवघड हाय त्यात?"

क्रांतीनं फॉर्म पिशवीत टाकले. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली आणि तशीच थांबली. समोर रेडियमची अक्षरं उन्हात चमकत होती.

त्या संध्याकाळी भाऊसो मोरीवर हातापायाची काळी धूळ घासत बसला होता. क्रांतीनं त्याला हळूच सगळं सांगितलं. त्यानं साबण खाली ठेवला.

"आक्काला इचारू नगंस," तो म्हणाला.

"का? ती न्हाय म्हणंल?"

"न्हाय म्हणाय तिला येतच न्हाय, म्हणून तर इचारू नगंस." मग त्यानं पायावर तांब्याभर पाणी ओतलं. "हे घर बांधायच्या टायमाला सरकारी मदत मिळत हुती. जागा एकाच्या नावावर पायजे म्हणाले. आक्काचंबी नाव हुतं उताऱ्यावर, बापानं लावल्यालं. मी तिला म्हटलं, आक्का, हक्कसोड करतीस काय? कचेरीत गेली आन् सही करून आली. घरला येऊन परत भाकरी थापाय बसली. एक शब्द बोलली न्हाय. त्याला बारा वर्षं झाली, पोरी. मी ह्या घरात झोपतो, पर मला ते पत्र्यागत टोचतंय. त्यानंतर तिनं ती गाडी घेतली. आख्ख्या दुनियेत तिचं नाव असल्याली तेवढीच एक वस्तू हाय. आता परत तिला सही कर म्हणाय माझी जीभ उचलंना."

क्रांतीचीही उचलेना. आपण ज्या घरात लहानाचे मोठे झालो, त्यातून आत्तीचं नाव असं एका सहीनं पुसलं गेलंय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. रात्रभर तिला वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती जुन्या मोपेडची चौकशी करू लागली, पण जी परवडत होती ती चालत नव्हती आणि जी चालत होती ती परवडत नव्हती. सहा दिवस उरले, मग पाच. मॅडमना फोन करून जमत नाही म्हणून सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. फॉर्म मात्र पिशवीतच राहिले. फाडून टाकायचे राहिले म्हणा, किंवा फाडवले नाहीत म्हणा.

सोनूबाईला साक्षरतेच्या वर्गात अक्षरओळख झाली होती. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या, हाती लागेल ते ती बोट फिरवत वाचून काढायची. रविवारी धुवायला म्हणून तिनं क्रांतीची पिशवी उलटी केली आणि फॉर्म बाहेर पडले. वर मराठीत लिहिलेलं होतं, वाहनाच्या मालकीचे हस्तांतरण. खाली पेन्सिलीनं धैर्यशीलांनी खुणा करून ठेवलेल्या, आणि एका खुणेपुढं तिचंच नाव.

क्रांती बाजारातून आली, तर आत्ती उंबऱ्यात बसलेली आणि फॉर्म मांडीवर.

"माझी गाडी कुणाला इकाय लागलाय?"

"न्हाय गं आत्ती, कुणाला न्हाय." क्रांतीचा चेहरा पडला. मग पोरीनं काही लपवलं नाही. लॅब, अट, ॲप, एजंट, मोपेड सगळं सांगितलं. फक्त बाप मोरीवर काय बोलला ते सांगितलं नाही. पण सोनूबाईनं ते न सांगताच ओळखलं.

"भाऊसो म्हणाला असंल, आक्काला इचारू नगं."

क्रांतीनं हातातली बाजाराची पिशवी खाली ठेवली.

"येडा हाय त्यो," सोनूबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. "घराच्या सहीला मला वाईट वाटलं, व्हय. खोटं कशाला बोलू? पर सही मागितली म्हणून न्हाय वाटलं. त्यानं त्या दिसापासनं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला न्हाय, म्हणून वाटलं. आन् आता तू बी तसंच कराय लागलीस? चार दिस झालं, जेवताना माझ्याकडं बघंनास. मला वाटलं, माझं काय चुकलं."

क्रांतीला रडू कोसळलं. तिनं आत्तीच्या मांडीवर डोकं ठेवलं, फॉर्मच्या वरच. सोनूबाईनं एका हातानं तिचं डोकं थोपटलं आणि दुसऱ्या हातानं डोक्याखालचे फॉर्म सावकाश ओढून काढले. "भिजवशील. सरकारी कागद हाय," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती ठेवणीतलं निळ्या काठाचं पातळ नेसून दारात उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात नऊ वर्षांच्या पॉलिस्या वर्षवार लावून ठेवलेल्या. "चल," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर एका अंगानं बसली. गल्लीनं बघून घेतलं.

टपरीत धैर्यशीलांनी खुर्ची पुढं सरकवली. सोनूबाईनं चार ठिकाणी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं, सोनूबाई रामा शिंगे. प्रत्येक सहीनंतर ती पेन उचलून जरा थांबायची. क्रांती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती, कारण सहीकडं तिला बघवत नव्हतं. धैर्यशील तोवर पॉलिस्या चाळत होते. चाळता चाळता त्यांचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

"मावशी, नऊ वर्षांत एकबी क्लेम न्हाय?"

सोनूबाई दचकली. "का? घ्याय पायजे हुता? पावणं, काय चुकलं असलं तर सांगा."

"चुकलं कुटं? पर कधी पडली न्हाय, धडकली न्हाय?"

"एकदा धडकली की. उसाच्या ट्रॉलीला. हेडलाइट फुटला, पुढचं मडगार्ड गेलं. भाऊसोला खरचटलं नुसतं. म्या उद्यमनगरात नेऊन माझ्या पगारातनं करून घेतलं. लोक म्हणाले क्लेम कर. म्या म्हटलं, क्लेम म्हणजे केस. गाडीचं नाव पोलिसात जाणार, कागदावर डाग पडणार. माझ्या नावाची गाडी हाय, तिला डाग कशाला?"

धैर्यशील इतके हसले की प्रिंटरचा खोकलाही ऐकू येईना. "मावशी, क्लेम म्हणजे आपलेच पैसे मागायचे हुते वो! फुल इन्शुरन्स भरून मोडतोड खिशातनं करणारी तुमीच पयली." मग हसू आवरून त्यांनी शेवटच्या पॉलिसीवर बोट ठेवलं. "पर त्यातनं एक झालं बघा. क्लेम केला न्हाय म्हणून वरसाला सूट वाढत गेली. वीस टक्के, पंचवीस, करत करत पन्नास. त्याच्या वर ती जातच न्हाय. तुमी टोकाला जाऊन बसलाय."

सोनूबाईला सगळं कळलं नाही, पण सूट कळली. तिचा चेहरा एकदम उजळला. "मग ती बी हिच्या नावावर करा. हिला स्वस्त पडंल. आनखी कुटं सही पायजे, सांगा." तिनं पेन परत उचललं.

"ती न्हाय हुत."

"का न्हाय हुत? मी देतो की! माझी हाय न्हवं?"

"तुमची हाय म्हणूनच न्हाय हुत. सूट गाडीची नसती मावशी, माणसाची असती. गाडी पोरीकडं जाईल, सूट तुमच्याकडंच ऱ्हाणार. कंपनी तुमच्या नावानं पत्र देती. तीन वर्षांत तुमच्या नावावर दुसरी गाडी घेतली, तर तिच्या फुल इन्शुरन्सला ती लागती. मेल्यावर वारसाला मिळंल एक वेळ, पर जिवंतपणी कुणाला देता येत न्हाय."

"भावाला बी न्हाय?"

"न्हाय."

"मी सही करून दिली तरी?"

"कितीबी सह्या करा. ह्याची हक्कसोड हुत न्हाय."

ते बोलले सहज, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पण क्रांतीनं चटकन आत्तीकडं बघितलं. सोनूबाई पेन हातात धरून तशीच बसली होती. आयुष्यभर जे काय तिच्या वाट्याला आलं, ते कुणी ना कुणी मागितलं होतं आणि तिनं दिलं होतं. कुणी मागितलं तरी देता येणार नाही असं काही आपल्याजवळ असू शकतं, हे तिच्या कधी ध्यानीमनीच आलं नव्हतं. तिनं पेन जपून टेबलावर ठेवलं. "बरं," ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे माझ्याकडं." आणि पदरानं तोंड पुसलं.

पावती दोन दिवसांत मिळाली. पहिल्या तारखेपासून भाऊसो शेजाऱ्याच्या गाडीवर मागं बसून फाउंड्रीत जाऊ लागला आणि क्रांती सोनूबाईची गाडी घेऊन कामावर हजर झाली. इन्शुरन्सवर तिचं नाव, अपघात विम्यावर तिचं नाव. रेडियम मात्र तिनं काढू दिलं नाही. भाऊसोनं ब्लेड आणलं होतं, ते तिनं हिसकावून घेतलं. त्यामुळं झालं असं की आठ दिवसांत राजारामपुरीतली म्हातारी माणसं तिलाच सोनूबाई म्हणू लागली. "सोनूबाई, उद्या उपाशीपोटी बसायचं काय?" असे फोन लॅबमध्ये येऊ लागले. क्रांतीनं कुणाचीच चूक दुरुस्त केली नाही. घरी येऊन ती आत्तीला सांगायची, आज सोनूबाईनं अकरा घरं केली, एकालाबी दोनदा टोचलं न्हाय. सोनूबाई लटक्या रागानं म्हणायची, "माझं नाव खराब करू नगंस म्हणजे झालं."

पत्र महिन्याभरानं आलं. पोस्टमननं नाव मोठ्यानं वाचलं, सोनूबाई रामा शिंगे. तिनं ते स्वतः बोट फिरवत दोनदा वाचलं, मग क्रांतीला वाचायला लावलं. भाऊसो भिंतीला टेकून ऐकत होता. वाचून झाल्यावर सोनूबाईनं पत्र त्याच्यापुढं धरलं.

"बघ. हे कुणाला देता येत न्हाय म्हणत्यात. तुलाबी न्हाय."

भाऊसोनं पत्र घेतलं. त्याच्यावर नजर फिरवली आणि मग, बारा वर्षांत पहिल्यांदा, बहिणीच्या डोळ्यांत बघितलं. "बरं झालं आक्का," तो म्हणाला. "लई बरं झालं."

"तीन वर्षं हायत," सोनूबाई म्हणाली. "क्रांते, स्कुटीला गिअर नसतो म्हणं?"

"न्हाय. पर आधी शिकाऊ लायसन काढाय लागंल."

"ते काढू उद्या. आज बसून तर बघू. बाजाराचं पटांगण मोकळं असंल."

त्या संध्याकाळी बाजाराच्या रिकाम्या पटांगणात अठ्ठावन्न वर्षांची सोनूबाई पदर खोचून, पातळ दोन्हीकडनं मांड्यांखाली दाबून स्वतःच्या नावाच्या गाडीवर पुढं बसली. मागं क्रांती, तिच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवून. गाडी चार वेळा बंद पडली. पाचव्यांदा जी सुटली ती क्रांतीच्या किंचाळण्यासकट थेट दुसऱ्या टोकाला. सोनूबाई एवढ्या मोठ्यानं हसली की कट्ट्यावरची पोरं उठून उभी राहिली.

उचगावात तोवर दिवे लागले. आपल्या दारात भाऊसो उभा होता, रस्त्याकडं डोळे लावून. गाडीचा आवाज ऐकू येईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग आत जाऊन त्यानं चुलीवर तवा ठेवला.